शितावरून गावाची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा होते, ही म्हण ज्याने कोणी काढली त्याने घरच्या पाहुण्यांपुरता भात शिजवला असेल, लग्नाचा नाही. घरच्या गंजातला, म्हणजे पातेल्यातला, भात एकमताचा असतो. लग्नाच्या गंजात एकावर एक तीन भात बसलेले असतात. बुडाशी लागायला आलेला, मधे बरोबर झालेला आणि वर कच्च्या कणीचा, डोळे वटारून बघणारा. वरचं शीत दाबून "अजून नाई झाला" म्हणाल तर खालचा करपतो. खालचं दाबून "झाला" म्हणाल तर पहिल्या पंगतीतले व्याही दाताने तांदूळ फोडतात आणि पुढची वीस वर्षं तेच सांगतात. म्हणून आधी सराट्याने, म्हणजे मोठ्या उलथण्याने, तळापासून ढवळायचं. मग कडेचं एक, मधलं एक, खालचं एक अशी चार-पाच शितं उचलायची आणि बोटात दाबायची. मग ती शितं खरं बोलतात.

हे मला कोणी शिकवलं नाही. मी हिंगणीचा दशरथ आचारी. शाळेत चौथीत बसलो होतो. पास झालो का, ते मी मास्तरांना विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. त्यानंतर जे शिकलो ते चुलीच्या धुरात. सेलूपासून गिरडपर्यंत कोणत्याही गावात जा आणि विचारा, दशरथच्या हाताखाली पंगत कधी मोडली का? पंगत मोडणं म्हणजे लोक पत्रावळीवर बसलेले आणि आतला गंज रिकामा. आचाऱ्याला यापरीस मरण बरं.

माझी नात वैशाली वर्ध्याला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. एकदा घरी येऊन म्हणाली, "आबाजी, आज मी पोराईले तुमचा भात शिकवला."

"शिजवायले का?"

"नाई. ढवळायले. तुमी जे शितं काढता ना, त्याले आमच्यात नमुना म्हणतात. अन् ढवळल्याशिवाय काढलेला नमुना खोटा असते."

मला हसू आवरेना. म्हटलं, "नाव मागून आलं पोरी, भात आधीपासून हाय."

"मले मालूम हाय," ती म्हणाली, "पण तुमी नाव शिकले असते तर एवढे वर्षं गंज घासत नसते राह्यले."

अशी ती. माझीच नात.

लोकांना वाटतं आचाऱ्याचं काम तिखटमिठाचं. तिखटमीठ कोणालाही जमतं. आचाऱ्याचं खरं काम अंदाजाचं. यजमान येतो, छाती काढून सांगतो, "हजार पत्रिका छापल्या." आता पत्रिका काही जेवत नाहीत. जेवणार किती, ते मला ठरवायचं. यात एक गंमत आहे. दहा माणसांना बोलावलं आणि दहाच्या दहा येतील का असं विचारलं, तर देवही मान हलवेल. पण हजारांना बोलावलं तर किती येतील, हे मी सुपारी कातरता कातरता सांगतो. कारण एकाची गाय व्यायला झालेली असते, एकाचं पोट बिघडलेलं असतं, पण त्याच वेळी तिसरा न बोलावलेल्या साळ्याला घेऊन येतो आणि चौथ्याचे दोन पाहुणे आलेले असतात. कमी-जास्त आपसात भांडून मिटतं. जितकी माणसं जास्त, तितकं मिटणं सोपं. वैशाली म्हणते यालाही नाव आहे. असेल.

खाण्याचंही तसंच. अल्लीपूरच्या एका लग्नात नवरदेवाचे मावसे पंगतीला बसले. बुंदी द्रोणात वाढली की द्रोण रिकामा. पुन्हा वाढली, पुन्हा रिकामा. त्या माणसाला भूक नव्हती, वैर होतं. माझा जोडीदार तुळशीराम धावत चुलीपाशी आला.

"दादा, असे दहा निंघाले तर आपलं काय होईन?"

"असे दहा नसतेत. म्हणून तं तू त्याले पाहून राह्यला. वाढ त्याले पाहिजे तेवढी."

आणि खरंच, त्यांच्या शेजारी बसलेल्या काकूंनी बुंदीचे चार दाणे उष्टावून पत्रावळ दुमडली होती. मावसे आणि काकू मिळून दोन माणसांची बुंदी खाल्ली गेली. याला म्हणतात सरासरी. पण याच सरासरीने एकदा मला रडवलं. नवरदेव आखाड्यातला निघाला आणि वऱ्हाड म्हणजे अख्खी तालीम. तिथे माझ्या सरासरीला कोण विचारतं? सारे मावसेच होते, काकू एकही नाही. त्या दिवशी पुऱ्या तळून तळून तुळशीरामच्या मनगटाला सूज आली. तेव्हापासून मी आधी विचारतो, वऱ्हाड कोणाचं?

आणि गिरडचं लग्न. सारं वऱ्हाड एका बसने येणार होतं. मी माणशी अंदाज बांधला, इतके येतील, इतके गळतील. बस मधेच बंद पडली. दुपार टळली तरी एक माणूस नाही. मांडवात मी, तुळशीराम आणि चार गंज भात एकमेकांकडे बघत बसलो. त्या दिवशी डोक्यात उजेड पडला. माणसं आपापल्या मनाने येणार असतील तर अंदाज चालतो. सारी एका बसमध्ये बसली की माणसं उरतच नाहीत, एक बस उरते. ती येते, नाहीतर येत नाही.

तुळशीरामला मात्र आजपर्यंत काही शिकवता आलं नाही. एका उन्हाळ्यात लागोपाठ तीन लग्नांत वादळाने मांडव उडवला. चौथ्याला तो ताडपत्री आणायला तयार होईना. "दादा, तीनदा झालं, आता नाई येत." म्हटलं, "लेका, वादळाले काय मालूम, मागच्या लग्नात ते आलतं का नाई?" चौथ्यालाही आलं. ताडपत्री नव्हती. वरणात इतकी धूळ पडली की वाढताना मी लोकांना "खमंग झालं" म्हणून सांगितलं.

आता खरी गोष्ट. गेल्या उन्हाळ्यात वैशालीचं लग्न ठरलं. लग्न हिंगणीत, घरासमोर. स्वयंपाक कोण करणार हा प्रश्नच नव्हता. पण माझा मुलगा मधुकर, वैशालीचा बाप, तालुक्याच्या ऑफिसात बाबू आहे. त्याच्या डोक्यात भरलं होतं की माझे गुडघे गेले, आता मी थांबावं. वैशाली त्याच्याच बाजूने. मी म्हटलं, गुडघे गेले असतील, हात नाही गेले. वाद वाढत गेला. शेवटी वैशाली म्हणाली, "आबाजी, शर्त लावा. माह्या लग्नात जेवाले किती येतात, तुमी सांगा, मी सांगतो. ज्याचा आकडा जवळ तो जिंकला. तुमी हारले तर झारा खुंटीले. हे लगन शेवटचं."

"अन् मी जिंकलो तं?"

"तं मी तुमच्या गुडघ्याचं नाव काढत नाई. बाबाले पण काढू देत नाई."

आमची म्हातारी, गिरजा, तिथेच तांदूळ निवडत बसली होती. तिने एवढंच विचारलं, "हारले तं हे घरीच राहीन का? रोज?"

"रोज, आजी," वैशाली म्हणाली.

म्हातारीने पुन्हा तांदळात मान घातली.

इथे एक घरातली गोष्ट सांगावी लागेल. हंगाम नसला की मी घरी असतो, आणि घरी असलो की चुलीपाशी असतो. गिरजाने भात उतरवला की मी एक शीत काढतो, दाबतो आणि खरं ते सांगतो. "एक वाफ कमी हाय." किंवा, "पानी चढलं." इतकंच. यावर ती जे बोलते ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

शर्त लागली. गावात आवतण द्यायचं दोन प्रकारे असतं. एक घरटी एक, म्हणजे प्रत्येक घरातून एक माणूस जेवायला. दुसरं चूलबंद, म्हणजे घरातले सारे, म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत, त्या दिवशी त्या घरी चूल पेटवायची नाही. मधुकरने हिशेबाने घरटी एक ठरवलं. आमच्या भागातली घरं चारशेच्या आसपास, शिवाय भावकी आणि वऱ्हाड.

वैशालीने काय केलं, साऱ्या घरांच्या चिठ्ठ्या केल्या, मोठ्या कुकरमध्ये टाकल्या, झाकण लावून गदागदा हलवल्या आणि डोळे मिटून तीस काढल्या. मग उन्हात त्या तीस घरी जाऊन विचारून आली, कोण येणार, किती येणार.

मी म्हटलं, "तीस घरं विचारून चारशे घराचं सांगतं का? बाकीचे का मेले?"

"तुमी पाच शितं दाबून गंजाचं सांगता. बाकीचे शितं का मेले?"

"मी भात ढवळतो."

"मी बी चिठ्ठ्या ढवळल्या."

"ढवळायचं काय त्यात? आपल्या आळीतले तीस विचारले असते तं उन्हात तरी गेली नसती."

"आपल्या आळीतले सारे येतेतच आबाजी, तुमच्या हातचं खायले. तो वरवरचा भात झाला."

मी तिला आकडा विचारला. पटलं म्हणून नाही, तुळशीराम हसत होता म्हणून.

तिचा आकडा साडेपाचशे. "पन्नास इकडे, पन्नास तिकडे," ती म्हणाली.

हे मात्र मी धरलं. "आकडा एक असते. भात का इकडे-तिकडे शिजवता येते?"

"तुमचा किती?"

मी दोन दिवस पारावर बसलो होतो. त्या तिथीला आजूबाजूला किती लग्नं आहेत, सेलूचा बाजार कधी, कोण कोणाशी बोलत नाही, सारं नाकाने हुंगून ठेवलं होतं. म्हटलं, "सातशे."

"अन् शिजवसान किती लोकाचं?"

"आठशेचं. थोडं जास्तीचं धरून करा लागते."

"मंग ते शंभर काय हाय आबाजी? इकडे-तिकडेच ना?"

तुळशीराम पुन्हा हसला. त्या माणसाला मी इतकी वर्षं का सांभाळलं, देव जाणे.

लग्नाचा दिवस आला. चुली सकाळीच पेटल्या. आलू-वांग्याची भाजी, वरण, भात, पुरी, बुंदी, मठ्ठा. अक्षता पडल्या, वऱ्हाडाची पहिली पंगत उठली, व्याही ढेकर देत उठले. मी झारा खांद्यावर घेऊन मांडवाच्या दारात उभा राहिलो. मनात म्हटलं, आता गाव येईल, घरटी एक.

गाव आलं. पण कसं? एका घरातून बाप, त्याच्या मागे बायको, तिच्या काखेत एक, बोटाला एक, मागे सासू, सासूच्या मागे कधी घराबाहेर न निघणारा सासरा, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून. आणि सर्वांत शेवटी निघालेली धाकटी सून दाराला कुलूप लावत होती. मी पुढच्या घराकडे पाहिलं. तिथेही कुलूप. पूर्ण गल्लीला कुलूप लागत होतं. लग्नाला जाताना दाराला कुलूप, याचा अर्थ आचाऱ्याला सांगावा लागत नाही.

एका काकूंना थांबवलं. "अवो काकू, घरटी एक होतं ना?"

"एक काऊन?" त्या म्हणाल्या. "काल गिरजाबाई घरोघरी कुंकू लावून गेल्या. म्हनल्या, चूलबंद आवतन हाय. घरी चूल पेटवसान तं माही आन हाय."

मी कोठीत गेलो. गिरजा नवी साडी नेसून पाटावर बसली होती, जसं काही झालंच नाही.

"हे काय केलं वं तू?"

"काय केलं? तुमी साऱ्या जिल्ह्याले जेवू घातलं. आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्याईनं तुमच्या हातचा घास कवा खाल्ला? लोकाच्या गावात गंज घेऊन फिरले. आज नातीचं लगन हाय. येऊ द्या."

वाद घालायला वेळ नव्हता. दुसरी पंगत बसली, तिच्या मागे तिसरी उभी, आणि रस्त्यावर चौथी येतच होती. पिवळ्या शालूत वैशाली धावत आली, मागे नवरदेव, दोघांच्या गाठी बांधलेल्या, त्यामुळे बिचारा ओढला जात होता.

"आजी, माहे तीस घरं खरं बोलले होते," ती म्हणाली. "मी विचारलं तवा एकच येनार होता."

"तीस घरं खरंच बोलले, बाई," म्हातारी म्हणाली. "मी त्याईच्या मागून गेलती."

मला गिरडची बस आठवली. चारशे घरं आपापल्या मनाने येणार होती तोवर माझा सातशे आणि पोरीचा साडेपाचशे, दोन्हीला अर्थ होता. एका बाईने साऱ्यांना एका बसमध्ये बसवलं आणि चावी स्वतःच्या पदराला बांधली.

भाजीला रस्सा वाढवला. वरणाला पाणी हे औषधच असतं. पुऱ्यांना पीठ होतं. बुंदी मुठीऐवजी चिमटीने वाढा म्हणून तुळशीरामला सांगितलं. पण भाताला औषध नाही. तिसऱ्या पंगतीच्या मध्यावर गंजाचा तळ दिसू लागला. नवा गंज चढवावा तर आधण यायलाच तास जातो. इतक्या वर्षांत न मोडलेली पंगत माझ्याच दारात, माझ्याच नातीच्या लग्नात मोडणार होती, आणि समोर माझंच गाव बसलं होतं.

वैशाली म्हणाली, "आबाजी, एका मोठ्या गंजाले तास लागते. चाळीस छोट्या कुकरले तीन शिट्ट्या."

"चाळीस कुकर कुठं हाय?"

तिने गल्लीकडे बोट दाखवलं. कुलूपबंद घरांकडे.

"नाई," मी म्हटलं. "चूलबंद देऊन पाहुण्याले चूल पेटवायले लावू? त्याईच्या घरचे तांदूळ आपल्या मांडवात? मंग मी झारा खुंटीले नाई, विहिरीत टाकतो."

तुळशीराम हात जोडायच्या बेतात होता. मी हलत नव्हतो. तेव्हा म्हातारी उठली.

"आन मी घातली, मीच काढतो. तांदूळ आपला, चूल त्याईची. मंग त्यात नाक कापायचं काय हाय?" आणि कोठीतल्या पाटामागची, चादर टाकलेली दोन पोती तिने उघडी केली. "हे घ्या."

"हे कवा आणले?"

"असू द्या. पोते उचला."

चौथ्या पंगतीला उभ्या असलेल्या बाया पदर पसरून आल्या. प्रत्येकीच्या पदरात तांदूळ पडला. कुलपं उघडली. थोड्याच वेळात साऱ्या गल्लीतून शिट्ट्या ऐकू येऊ लागल्या, जणू हिंगणीत रेल्वे आली.

आणि मग भात आला. कुकरमध्ये, गंजात, पातेल्यात, एका घरून तर दुधाच्या कॅनमध्ये. मी मांडवाच्या मागे उभा राहून प्रत्येक भांड्यातून शीत काढू लागलो. पहिला गिचका. दुसरा टणक. तिसऱ्यात मीठ. चौथ्यात जिरं, त्या बाई लाजून म्हणाल्या सवयीने पडलं. पाचवा इतका सुंदर की मी वर पाहिलं, कोणाचा आहे? सहावा खाली लागलेला. माझ्या मांडवात चाळीस आचारी झाले होते आणि एकाचा हात दुसऱ्यासारखा नव्हता.

"हे नाई वाढायचं," मी म्हटलं.

"ढवळा ना आबाजी," वैशाली म्हणाली. "तुमीच तं म्हणता."

बुंदीची रिकामी कढई धुतली. सारा भात तिच्यात उलटला. मी सराटा घेतला आणि तळापासून ढवळला, गुडघे विसरून. मग सवयीने एक शीत काढून दाबलं. गिचकं. दुसरं काढलं. टणक. तिसरं खारट. वैशाली हसत सुटली. "एका शिताचं ऐकू नका. मूठभर घ्या."

मूठभर घेऊन तोंडात टाकला. आणि सांगतो, भात बरा होता. चांगला होता. थोडं मऊ, थोडं दाताला लागणारं, अधूनमधून जिरं. असा भात त्या चाळीसपैकी कोणाच्याच घरी शिजला नव्हता. पंगतीत वाढला तेव्हा एका म्हाताऱ्याने तुळशीरामला थांबवून विचारलं, "जिऱ्याचा भात इकडून गेला का बाप्पा? पुन्हा येऊ दे."

चौथी पंगत उठली, पाचवीही उठली. पंगत मोडली नाही.

संध्याकाळी उष्ट्या पत्रावळी मोजल्या तेव्हा तेराशेच्या वर गेल्या. वैशालीचा साडेपाचशे कुठे, माझा सातशे कुठे. पण जवळ कोण? मी सर्वांसमोर तिच्यापुढे झारा धरला.

"जिंकले तुमी," ती म्हणाली. "पण बरोबर होते म्हणून नाई. दोघंबी चुकलो. तुमी चुकलेच असे की माह्यापरीस जवळ पडले."

"जिंकनं ते जिंकनं."

"हो आबाजी. बाबा, आजपासून गुडघ्याचं नाव नाई काढायचं."

मधुकरने मान खाली घातली. पोरगी सासरी गेली. जाताना माझ्या कानात म्हणाली, "तुमचा आकडा नेहमी मोठाच असते, हे आजीले मालूम होतं." मला त्याचा अर्थ लागला नाही. मी रडत होतो.

घर रिकामं झाल्यावर एके दुपारी मी जेवायला बसलो. शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होतो, संख्याशास्त्राला चौथीने कसं हरवलं. गिरजाने भात वाढला आणि शांतपणे म्हणाली, "तुमचे सातशे, पोरीचे साडेपाचशे. आकडे सांगितले तवाबी मी तिथंच तांदूळ निवडत होती. घरटी एक आले असते तं पोरगी जिंकली असती. साऱ्या गावाले आणलं की तुमी जिंकता, एवढं मले बी समजते."

घास हातातच राहिला. "म्हणजे म्हाताऱ्याईले माह्या हातचा घास..."

"ते बी खरं हाय. पण झारा खुंटीले गेला असता तं तुमी रोज कुठं बसले असते? इथं. माह्या चुलीपाशी. शितं काढत." तिने वरणाची वाटी सरकवली. "मंग तांदूळ आणून ठेवा लागलेच ना दोन पोते."

तेवढ्यात फोन वाजला. अल्लीपूरचं लग्न होतं, विचारत होते दशरथभाऊ अजून करतात का. फोन तिने उचलला आणि मला न विचारता सांगितलं, "करतेत. लवकर न्या."

मी पानातलं एक शीत उचललं, बोटात दाबलं. एक वाफ कमी होती.

बोललो नाही. जेवलो.